'दुखणार नाही हं!' – मुलांना तुम्ही काय सांगता?

मुक्ता_ओहायो

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

नाशिकला सात वर्षं बालवाडीत शिकवलं, मग लग्न होऊन इकडे आले आणि पुन्हा कॉलेजात बसले. सध्या ओहायोतल्या एका मुलांच्या हॉस्पिटलात 'चाइल्ड लाइफ स्पेशालिस्ट'ची इंटर्नशिप करतेय. एकूण ६०० तास. आठवड्याला ४० धरले तर १५ आठवडे, त्यातला सहावा चालू आहे. मी औषध देत नाही, टोचत नाही, समुपदेशकही नाही. ज्या मुलाचं रक्त काढायचंय, ऑपरेशन आहे, एमआरआय आहे, त्याला काय काय होणार हे त्याला कळेल अशा शब्दांत आधी सांगायचं. कापडी बाहुली आणि बिनसुईची खरी सिरिंज हातात देऊन त्याला डॉक्टर होऊ द्यायचं. आणि प्रत्यक्ष टोचताना त्याच्या डोक्याशी उभं राहायचं.

आता मुद्दा. मध्यंतरी एक मराठी कुटुंब आलं होतं. (तपशील बदललेत, ओळखू यायची सोय ठेवलेली नाही.) नातू पाचेक वर्षांचा, सोबत आजी. डॉक्टरांचं बोलणं सांगायला आयपॅडवर दुभाषी असतो. मला मराठी येत असलं तरी ते काम मी करायचं नाही, असा नियम. पण मुलाशी गप्पा मारायला कोणाची ना नाही. म्हणून मी आनंदाने आत गेले, तर आजी त्याला सांगत होत्या, "गप बस हां. ती बाई बघ आली. रडलास तर मोठी सुई टोचेल."

ती बाई म्हणजे मी. माझ्या हातात साबणाच्या फुग्यांची बाटली होती.

तर दोन प्रश्न. एक, इंजेक्शनच्या आधी तुम्ही मुलांना नक्की काय सांगता? खरं खरं लिहा. दोन, या कामाला मराठीत काय म्हणावं? सासूबाई विचारतात, "म्हणजे दवाखान्यात पोरं खेळवतेस? एवढं शिकून?"

कोकणी_वडा

पयला!

'बालजीवनतज्ज्ञ' तेवढं म्हणू नका. एलआयसीची पॉलिसी वाटते. प्रीमियम किती, मॅच्युरिटी कधी, असं विचारतील लोक.

मीनल_डोंबिवली

खरं खरं लिहायचंय ना? घ्या. आमचा लेक जेवायला लागला की तासन् तास घास तोंडात धरून बसतो. मग मी मोबाइल कानाला लावते आणि म्हणते, "हॅलो डॉक्टरकाका, हो हो, मोठंच इंजेक्शन आणा." दोन मिनिटांत ताट चकाचक.

मागच्या महिन्यात त्याला खरोखर ताप आला. दवाखान्याच्या पायरीवरच त्याने जे काही भोकाड पसरलं, ते वरच्या मजल्यावरच्या क्लासमधली मुलं खिडकीत आली. तोवर या दोन गोष्टींचा संबंध माझ्या डोक्यातच आला नव्हता. धागा वाचून जरा लाजच वाटली.

शंकासुर

हे सगळे अमेरिकन लाड आहेत. आम्हाला बापाने पाय धरले, कंपाउंडरने हात धरले, डॉक्टरने टोचलं, विषय संपला. आम्ही काय वाया गेलो? पोराला सुई टोचायच्या आधी पदवीधर बाईने फुगे उडवायचे आणि त्याचं बिल कोण भरणार? विमा कंपनी?

हिरवा_चाफा

@शंकासुर, वाया गेलात की नाही हे आम्ही कसं सांगणार, पण माझं सांगतो.

१९७९. मी सहा वर्षांचा. वडील म्हणाले, "चल, आइस्क्रीम खायला जाऊ." नवा शर्ट घालून मी स्कूटरवर पुढे उभा. स्कूटर थांबली ती दवाखान्यासमोर. मला टेबलावर आडवं केलं, तोंडावर काहीतरी काळं रबरी दाबलं, गोडसर उग्र वास आला. जाग आली तेव्हा घशात निखारे. टॉन्सिल्स काढले होते. मग आइस्क्रीम आलं, अगदी शब्द दिल्याप्रमाणे. एक चमचाही गिळता येईना.

ऑपरेशनचं मला काहीच वाटत नाही. दुखलं, बरं झालं. पण पुढची कित्येक वर्षं वडील नुसतं "चल, जरा जाऊन येऊ" म्हणाले तरी मी आधी विचारायचो, कुठे? साधं वाण्याकडे जायचं असलं तरी. आज बावन्न वर्षांचा आहे, दाढ ठणकत असली तरी डेंटिस्टकडे जायला सहा महिने लावतो.

शंकासुर

पण आइस्क्रीम मिळालं ना?

हिरवा_चाफा

वितळलेलं.

साधा_डॉक्टर

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेली अठरा वर्षं बालरोगतज्ज्ञ आहे. मुक्ताताई, तुमच्या कामाबद्दल पूर्ण आदर आहे, पण आमची ओपीडी एकदा येऊन बघा. दुपारी दोनपर्यंत ऐंशी पेशंट. बाहेर तीन बायका 'एसटी चुकेल' म्हणून दार ठोठावत असतात. एका सिस्टरने धरायचं, एकीने टोचायचं. बाहुली कधी काढू?

आमच्याकडचा चाइल्ड लाइफ विभाग म्हणजे हातमोजा. फुगवून गाठ मारायची, पेनाने डोळे काढायचे, झाला कोंबडा. तोही टोचून झाल्यावर.

कोकणी_वडा

हातमोज्याचा कोंबडा!!! डॉक्टर, लहानपण आठवलं. आमचे कंपाउंडरकाका त्याला पाच आचळांची गाय म्हणायचे आणि पाणी भरून दूध काढून दाखवायचे.

मीनल_डोंबिवली

आमच्याकडे लिमलेटची गोळी मिळायची. आणि इंजेक्शनची रिकामी बाटली, बाहुलीच्या भातुकलीला.

वाटसरू

रिकाम्या बाटल्यांवरून आठवलं, माझा धाकटा भाऊ चार वर्षांचा असताना त्याला रक्त तपासायला नेलं. मुलगा गुणी, हूं नाही की चूं नाही. घरी आल्यावर शांतपणे आईला म्हणाला, "तपासून झालं की परत कधी देणार?" त्याला वाटलेलं, शाळेत वह्या तपासायला देतात तसं.

मुक्ता_ओहायो

@वाटसरू, हे मी आमच्या सोमवारच्या मीटिंगमध्ये सांगणार आहे, परवानगी द्या! अगदी हेच आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात. मूल शब्द जसाच्या तसा घेतं. इंग्रजीत 'कॅट स्कॅन' म्हटलं की मूल मांजर शोधतं. एक्स-रेच्या आधी शिरेत 'डाय' सोडणार म्हटलं की त्याला मरणं ऐकू येतं. 'पुट यू टू स्लीप' तर बोलायचंच नाही, कारण घरच्या म्हाताऱ्या कुत्र्याला व्हेटने इंजेक्शन देऊन तसंच, म्हणजे कायमचं, झोपवलेलं असतं. आपल्याकडे 'भूल देणार' हे मुलाला काय ऐकू येत असेल? आणि 'टाके घालणार'? शिवणयंत्र?

@डॉक्टर, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण ज्याला वेळ लागत नाही असं काही सांगते, पटलं तर बघा.

मुलाला आडवं पाडायचं नाही. आडवं केलं की अर्धी लढाई तिथेच सुरू होते. आईच्या किंवा बाबाच्या मांडीवर, छातीला छाती लावून, पाय दोन्हीकडे. घट्ट मिठी. हात बाजूने बाहेर येतो. धरलेलं तेवढंच घट्ट असतं, पण मुलाला ती मिठी वाटते.

एका वेळी एकानेच बोलायचं. आई "झालं झालं", बाबा "शूर आहेस ना", सिस्टर "हलू नको", मावशी मोबाइल नाचवतेय. चौघांचा कालवा मोठ्या माणसालाही सहन होत नाही.

"टोचू का?" असं विचारायचं नाही. उत्तर 'नको' असणार आणि आपण तरी टोचणारच. त्यापेक्षा "कोणता हात?", "बघायचंय की तिकडे तोंड करायचंय?" हे खरे पर्याय.

आणि शेवटचं, धाग्याचा विषय. "दुखणार नाही" म्हणायचं नाही. याची चूक मी स्वतः केलीये. दुसऱ्याच आठवड्यात, सुपरवायझर बाजूला उभी असताना, एका मुलीला सवयीने म्हणून गेले, "इट वोन्ट हर्ट." बालवाडीची जीभ. टोचलं. ती रडली नाही. तिने मान वळवून फक्त माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी खोलीत गेले तर तिने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. खेळणी बघायलाही बाहेर येईना. सुपरवायझर रागावली नाही, एवढंच म्हणाली की आता तुझं पुढचं प्रत्येक वाक्य ती तपासून घेणार. चार दिवस लागले.

@शंकासुर, बिलाचं तुम्ही नेमकं पकडलंत. विमा कंपनी सहसा आमच्या कामाचे वेगळे पैसे देत नाही. हॉस्पिटल स्वतःच्या खर्चातून आणि देणग्यांतून चालवतं. म्हणून बजेट आवळलं की आधी नजर आमच्यावर. मला तर काहीच मिळत नाही, उलट या ६०० तासांच्या क्रेडिटची फी मी विद्यापीठाला भरते. आणि त्यातले निम्मे तास खेळणी पुसण्यात जातात. एका मुलाने हातात घेतलेली गाडी जंतुनाशकाने पुसल्याशिवाय दुसऱ्याला द्यायची नाही. सासूबाईंना अजून हे सांगितलेलं नाही.

जुना_पुस्तककिडा

मुक्ता, योगायोग बघ. तू ज्या राज्यात बसलीयेस तिथेच हा उद्योग नावारूपाला आला. एमा प्लँक नावाच्या बाई मूळच्या व्हिएन्नाच्या, माँटेसरी पद्धतीत तयार झालेल्या. त्यांनी १९५५ मध्ये क्लीव्हलंडच्या सिटी हॉस्पिटलात आजारी मुलांसाठी खेळ आणि शिक्षणाचा विभाग उभा केला. म्हणजे हा उद्योग नावारूपाला आणणारी खेळताई बालवाडीवालीच होती, हे सासूबाईंना सांग.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये वेगळी लढाई चालू होती. तिथे मूल वॉर्डात ठेवलं की आईबापांना भेटायची वेळ फार थोडी, काही ठिकाणी तर आठवड्यातून एखाद्या वेळेस. आई आली की मूल रडतं, म्हणून आईनेच येऊ नये, असं तर्कशास्त्र. जेम्स रॉबर्टसन नावाच्या संशोधकाने १९५२ मध्ये एका दोन वर्षांच्या मुलीचा आठ दिवसांचा हॉस्पिटलातला मुक्काम चित्रित केला. मुलगी आकांडतांडव करत नाही, उलट दिवसेंदिवस गप्प होत जाते. डॉक्टर मंडळी त्याच्यावर चिडली. पण १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालाने आईबापांना मोकळेपणी भेटू द्या, शक्यतो आईला सोबत राहू द्या, असं सांगितलं.

गंमत अशी की आपल्याकडे हे सांगायला समिती लागली नाही. आपल्या सरकारी वॉर्डात आई खाटेखाली चटई टाकून झोपतेच. सोबत आजी, मामा आणि डबा.

साधा_डॉक्टर

@पुस्तककिडा, आणि राउंडच्या वेळी त्या सगळ्यांना बाहेर काढता काढता माझे केस गेले. पण मुद्दा बरोबर. आपल्याकडे माणसं आहेत, त्यांना काय करायचं ते कोणी सांगत नाही. आई जवळ असते, पण "गप बस, डॉक्टर मारतील" हेच म्हणत असते.

रेवा_पुणे

माझी मुलगी बारावीत आहे, तिला हे करायचंय असं म्हणतेय. भारतात कोर्स आहे का? अमेरिकेत किती खर्च? आणि नोकरी मिळते का? (विषयांतराबद्दल क्षमस्व.)

मुक्ता_ओहायो

@रेवा, अजिबात विषयांतर नाही. इथल्या प्रमाणपत्रासाठी पदवी हवी, ठरलेले विषय झालेले हवेत, मग प्रमाणित स्पेशालिस्टच्या हाताखाली ६०० तास आणि शेवटी परीक्षा. खरी गाळणी इंटर्नशिपला लागते. जागा मोजक्या, अर्ज ढीगभर. मला दुसऱ्या फेरीत मिळाली. पहिल्या वेळी अकरा ठिकाणी अर्ज केले, दोन मुलाखती झाल्या, दोन्हीकडून नकार. माझी मैत्रीण तिसऱ्यांदा प्रयत्न करतेय. बिनपगारी काम परवडणाऱ्यांनाच हा रस्ता खुला राहतो, ही इथली जुनी तक्रार आहे आणि ती खरी आहे.

तिला आत्ता काही करायचं असेल तर आधी मुलांमध्ये राहू दे. पाळणाघर, विशेष मुलांची शाळा, काहीही. आवडतं का ते तिथेच कळेल.

वाटसरू

@रेवा, मुंबईत असाल तर सेंट ज्यूड इंडियाची केंद्रं बघा. कॅन्सरच्या उपचारासाठी बाहेरगावाहून आलेल्या मुलांना आणि आईवडिलांना तिथे फुकट राहता येतं, २००६ पासून चालू आहे. मुलांसाठी शिकणं, खेळणं, सगळं असतं. स्वयंसेवकांची काही सोय आहे का ते विचारून बघता येईल.

आजीबाई_सातारा

मुक्ता बाळ, मी पंचाहत्तरीची आहे. त्या आजींवर रागावू नकोस. परक्या देशात, काचेच्या दवाखान्यात, भाषा कळेना, नातू ऐकेना. तिच्याकडे जे एक अस्त्र होतं ते तिने काढलं.

पण मला एक विचारायचंय. सुईचं ठीक आहे. त्याहून वाईट असतं ते कसं सांगता? माझा थोरला दीर गेला तेव्हा त्याच्या पोरांना आम्ही 'बाबा गावाला गेलेत' सांगितलं. दीड वर्ष.

मुक्ता_ओहायो

आजी, रागावले नाही हो. खरं तर आईची आठवण आली.

तुमचा प्रश्न अवघड आहे. मी अजून शिकाऊ आहे, अशा खोलीत एकटी जात नाही, सुपरवायझरच्या मागे उभी असते. एकदाच तशी वेळ आली. गेलेल्या बाळाच्या मोठ्या बहिणीला सांगायचं होतं. सात वर्षांची. सुपरवायझरने 'गेला', 'झोपला', 'देवाने नेला' यांतलं काही वापरलं नाही. त्याचं शरीर काम करायचं थांबलं, तो मेला, असंच सांगितलं. 'झोपला' सांगितलं की मुलं रात्री झोपायला घाबरतात. 'गावाला गेला' सांगितलं की दार वाजलं की पळत जातात. ती मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी त्याच्यावर ओरडले होते, म्हणून का?" त्या वयात मुलांना वाटतं की आपल्या मनात आलं म्हणून झालं. विचारलंच नसतं तर ते तिच्या पोटात राहिलं असतं. नंतर तिने बाळाच्या तळव्याला स्वतः शाई लावली, कागदावर ठसा घेतला. पहिला पुसट आला म्हणून दुसरा घेतला.

त्या दिवशी गाडीत वीस मिनिटं बसून होते. मग घरी येऊन कुकर लावला.

आजीबाई_सातारा

आमची पोरं एसटी स्टँडवर जाऊन बसायची, बाळ. आम्हाला वाटायचं, खेळायला जातात.

शंकासुर

बरं. फुग्यांवरचा आक्षेप मागे. बिलावरचा कायम.

मीनल_डोंबिवली

मी फोनचं नाटक बंद केलंय. लेक जेवत नाहीये. उपाय सुचवा. 😭

कोकणी_वडा

वडा द्या.

साधा_डॉक्टर

तीन आठवड्यांनी परत येतोय, धागा वर काढतो.

मुक्ताताईंच्या चार गोष्टींतल्या दोन करून बघितल्या, मांडी आणि खरं बोलणं. भिंतीवर कागद लावला: 'मुलाला घाबरवू नका. टोचल्यावर थोडं दुखतं, असंच सांगा.' पहिल्याच दिवशी एका आजोबांनी तो मोठ्याने वाचला आणि नातवाला म्हणाले, "बघ, लिहूनच ठेवलंय, दुखणार."

बुडबुड्यांची बाटली ओपीडीत दोन दिवसांत सांडली. मग सिस्टरनेच तोड काढली. हाताची ओंजळ करून म्हणते, "हा गरम गरम वरणभात. फुंकर मार, मोठी." पोरं खरंच फुंकतात, कारण ते त्यांना रोजचं आहे. फुंकताना खांदा सैल पडतो, तेवढ्यात काम होतं. सगळ्यांचं नाही. एका पठ्ठ्याने काल विचारलं, "तूप कुठंय?"

वेळ किती वाढला म्हणाल तर मोजला नाही. धरपकड कमी झाल्याने बहुतेक तेवढाच लागतो. सिस्टरला चावे कमी बसतात, हे मात्र तिनेच सांगितलं.

दूधपित्या बाळांचं आणखी सोपं आहे. लस देताना आईने अंगावर पाजत ठेवायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच हे सांगितलंय. मला माहीत होतं, मी करत नव्हतो.

मुक्ता_ओहायो

वरणभात!! डॉक्टर, सिस्टरना माझा नमस्कार सांगा. मी इथे हॉट चॉकलेटवर फुंकर मारायला लावते, पण वरणभाताची सर नाही.

माझे आता साधारण २४० तास उरलेत. ते पाच वर्षांचे महाशय काल पुन्हा आले होते. यावेळी आजींनी मला बघून हात वर केला आणि नातवाला म्हणाल्या, "ही टोचणारी नव्हं रे. ही आधी सांगणारी." मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ह्याचं तर झालं गं. पण माझी गुडघ्याची सुई ठरलीय पुढल्या महिन्यात, ती किती दुखते?" मी म्हटलं, आजी, मला खरंच माहीत नाही, डॉक्टरांनाच विचारा, पण विचारा नक्की. दुभाषी आहे.

कोकणी_वडा

'सांगणारी' घ्या मग नाव म्हणून. पॉलिसीपेक्षा बरं.

जुना_पुस्तककिडा

'खेळताई' मी दिलं होतं, नोंद असावी.

रेवा_पुणे

लेकीने धागा वाचला. आधी पाळणाघरात जाणार म्हणते. बघू किती दिवस टिकतं.

मीनल_डोंबिवली

सुई टोचायच्या आधी कातडी बधिर करायचं मलम असतं म्हणे, ते आपल्याकडे मिळतं का?

साधा_डॉक्टर

मिळतं. लिडोकेन-प्रिलोकेनचं. पण लावून साधारण तासभर थांबावं लागतं, आणि अगदी लहान बाळांना आपल्या मनाने लावायचं नाही, डॉक्टरांना विचारूनच. एसटी चुकणार असेल तर वरणभात.